स्विफ्टला स्पेसर टाकायच्या आधी

भाऊ, स्पेसरनं (हब, म्हणजे चाक ज्याच्यावर बसते तो भाग, अन् चाक यांच्या मधात टाकायची चकती) लूक भारी येते हे खरं, पण पहिल्याच झटक्यात 30 एमएम जाडीवर नको जाऊ. चाक जेवढं बाहेर गेलं तेवढा बेरिंगवर ताण वाढते, स्प्रिंग नरम पडल्यासारखी वाटते, अन् समोरच्या चाकाला खड्डा लागला की स्टेअरिंग हातातून ओढते, आपल्या गावाकडचे रस्ते पाहता हे तुले रोजच जाणवन.

सुरुवातीले एवढंच पाय:

- स्पेसर हबसेंट्रिकच घे, म्हणजे हबच्या मधल्या गोलावर घट्ट बसणारा. स्विफ्टचा सेंटर बोअर (चाकाचं मधलं भोक) 54.1 एमएम आहे, ढिला बसला तर स्पीडमध्ये स्टेअरिंग थरथरते. लेथवर कोणत्याही ॲल्युमिनियमची चकती कापून आणणं तर बिलकुल नको.
- स्लिप-ऑन (स्वतःचे बोल्ट नसलेला, नुसता मधात सरकवायचा) असन तर नट हातानं फिरवून फेरे मोज, निदान दहा फेरे बसले पाहिजे. कमी बसत असन तर लांब स्टड (हबवरचे बोल्ट) टाक, नाही तर राहू दे.

पोरं इथंच चुकतात: हबवरचा गंज न घासता स्पेसर चढवतात, दोन स्पेसर एकावर एक ठेवतात, मंग चाक डगमगते. बसवल्यावर 100 किलोमीटरनं टॉर्क रेंचनं (ठराविक जोरानं आवळायचा पाना) नट परत चेक कर, हे चुकवू नको गड्या.

ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते), कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) मंग पाहू. आधी मागं चार जण बसवून टायर फेंडरले (चाकावरच्या पत्र्याले) घासते का ते सांग.