दहा बाय बाराच्या बेडरूमला एक टनाचा एसी पुरेल की दीड-दोन टनाचा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की खोली १० बाय १२ ची आहे, झोपणारी माणसं दोन, आणि घरातले सगळे म्हणतायत, "मोठाच घे, लवकर गार होईल, मशीनवर ताण येणार नाही." हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत माझ्या दादाने सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात म्हटलं होतं. म्हणून लिहायला बसले.

मोठा घेऊ नका. बेडरूमला तर नाहीच नाही.

बाबांची खोली ११ बाय १० ची. मधला मजला, वरही घर, खालीही घर, एकच खिडकी आणि तीही उत्तरेला. बाबांना दम्याचा त्रास. दमट हवेत त्यांना रात्र रात्र बसून काढावी लागायची, म्हणून एसी घ्यायचं ठरलं. मी म्हटलं, एक टन पुरे. दादा म्हणाला, "एकदाच होणारा खर्च आहे, त्यात कंजुषी कशाला? दोन टनाचा बसवू." पैसे तो भरणार होता, त्यामुळे बोलणं तिथेच संपलं. दोन टनाचा, इन्व्हर्टर नसलेला (म्हणजे वेग कमी-जास्त न करता नुसता चालू-बंद होणारा) साधा एसी बाबांच्या खोलीत लागला.

पहिले चार दिवस सगळे खूश. बटण दाबलं की पाच मिनिटांत खोली गार. आलेल्या प्रत्येकाला दादा ते दाखवायचा. मग बाबा एकेक सांगायला लागले. चादर ओलसर लागते. उशीला वास येतो. आधी हुडहुडी भरते, पांघरूण घेतलं की गुदमरतं, काढलं की पुन्हा गारठा. आराम पडेना म्हणून ते तापमान अजून खाली न्यायचे, २४ चं २०, २० चं १८. पहाटे कधीतरी एसी बंद करून खिडकी उघडून बसलेले दिसायचे. महिन्याभरात कपाटामागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके आले. दम्याच्या माणसाच्या खोलीत बुरशी! दादाचं म्हणणं, मशीन खराब निघालं. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. गॅस बरोबर, फिल्टर साफ, मशीन ठणठणीत.

एका रात्री मी बाबांच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. बाहेरच्या युनिटचा आवाज ऐकत वहीत वेळा लिहिल्या. कॉम्प्रेसर चार मिनिटं चालायचा, नऊ मिनिटं बंद. पुन्हा चार, पुन्हा नऊ. ड्रेनच्या पाइपखाली बादली ठेवली होती. सकाळी तिचा तळ जेमतेम ओला होता. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर उशाशी ठेवलं होतं, त्यावर तापमान २४ आणि आर्द्रता ७१ टक्के. खोली गार होती, पण कोरडी अजिबात नव्हती.

याचं कारण समजून घ्या, कारण तुमच्या घरच्यांना हेच सांगावं लागणार आहे. एसीला दोन कामं असतात, हवा गार करणं आणि तिच्यातला ओलावा काढणं. पहिलं काम लगेच होतं. दुसऱ्याला वेळ लागतो. कॉइल (आतल्या युनिटमधली नळ्यांची आणि पातळ पात्यांची जाळी) आधी पुरती गार व्हावी लागते, मग हवेतला ओलावा तिच्या पात्यांवर थेंब होऊन बसतो, ते थेंब मोठे होऊन ट्रेमध्ये उतरतात आणि मग कुठे पाइपातून पाणी बाहेर पडतं. यात सहज दहा-पंधरा मिनिटं जातात. छोट्या खोलीतलं मोठं मशीन चार मिनिटांत ठरलेल्या तापमानाला पोचतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. आतला पंखा मात्र चालूच राहतो, आणि कॉइलच्या पात्यांवर जमलेलं पाणी वाळवून परत खोलीतच सोडतो. आमची बादली रिकामी राहायची ती यामुळे. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना सगळ्यात जास्त करंट ओढतो आणि झीजही तेव्हाच होते. म्हणजे "ताण येणार नाही" म्हणून घेतलेलं मशीन तासाला चार-पाच वेळा तो ताण सोसत होतं.

मुळात हे यंत्र जन्माला आलं तेच ओलावा काढण्यासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियरने ही व्यवस्था आखली. हेही मी दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, छापखान्याचं घरात काय?

शेवटी वहिनीने मध्ये पडून तोडगा काढला. दोन टनाचा एसी हॉलमध्ये नेला आणि बाबांच्या खोलीत एक टनाचा लावला. त्याच हवेत, त्याच २४ वर मीटर ५४ टक्क्यांवर आलं. कॉम्प्रेसर एका दमात पंधरा-सोळा मिनिटं चालायला लागला. सकाळी बादली अर्ध्याच्या वर भरलेली. बाबा त्या रात्री सलग साडेपाच तास झोपले, आणि उठून पहिलं काय म्हणाले तर, "आज चादर कोरडी आहे."

दादा अजूनही म्हणतो, "बघ, हॉलमध्ये तोच एसी झकास चालतो, म्हणजे मशीन चांगलंच होतं." मशीन वाईट आहे असं मी कधी म्हटलंच नव्हतं. ते त्या खोलीसाठी चूक होतं. हॉल २४० चौरस फुटांचा आहे, स्वयंपाकघर त्याला लागून उघडं, माणसं पाच-सहा. तिथे दोन टन शोभतो.

आता तुमच्या खोलीबद्दल. १२० चौरस फुटांना एक टन हा ठोकताळा तुम्ही ऐकला असेलच. तो पूर्ण सत्य मानू नका. अमेरिकेतल्या एनर्जी स्टार या सरकारी वीजबचत कार्यक्रमाच्या तक्त्यात १०० ते १५० चौरस फुटांच्या खोलीला ताशी ५,००० बीटीयू (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) पुरेत असं दिलंय. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. क्षेत्रफळ तेच आणि उत्तरात दुपटीहून जास्त फरक! कारण उष्णता फरशीतून येत नाही. ती छतातून, भिंतींतून, काचेतून आणि दाराच्या फटीतून येते. त्याच तक्त्यात खाली लिहिलंय की भरपूर ऊन येत असेल तर १० टक्के वाढवा, दाट सावली असेल तर १० टक्के कमी करा, दोनच्या वर प्रत्येक माणसामागे ६०० बीटीयू धरा आणि स्वयंपाकघर असेल तर ४,०००. दुकानात उभं राहून "रूम केवढी?" एवढंच विचारणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

म्हणून खोली वरच्या मजल्यावर आहे का, पश्चिमेची भिंत आहे का, काच किती, छत किती उंच, हे आधी बघा. संध्याकाळी सात वाजता छताखाली स्टुलावर उभं राहून स्लॅबला तळहात लावा. हात चटकत असेल तर दिवसभराचं ऊन रात्री तुमच्या अंगावर उतरणार आहे. मधल्या मजल्यावरची खोली, पश्चिमेचं ऊन नाही, माणसं दोन, असं असेल तर एक टन, डोळे झाकून. वर गच्ची असेल तर आधी गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा करा (आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, त्याचा उपयोग अर्धाच), आणि तरी भागत नसेल तर दीड टन.

लेबलवरचा "टन" वाचून थांबू नका, कूलिंग कपॅसिटी किलोवॅटमध्ये दिलेली असते ती वाचा. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट, दीड म्हणजे ५.३ च्या आसपास. त्याच नावाखाली कमी क्षमतेची मॉडेल्स सर्रास असतात. आणि हा आकडा विजेचा नाही, खोलीतून उपसलेल्या उष्णतेचा आहे, त्याने घाबरू नका.

दोन गोष्टी राहिल्या. मी जे सांगितलं ते साध्या एसीला जास्त लागू आहे. इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी करून मंद चालत राहतो, त्यामुळे तो अर्ध्या टनाने मोठा झाला तरी इतकी दैना होत नाही. दुप्पट मोठा घेतलात तर मात्र तोही एका मर्यादेखाली उतरू शकत नाही आणि चालू-बंद करायलाच लागतो. दुसरं, लेबलवरचे क्षमतेचे आकडे बाहेर ३५ अंश धरून काढलेले असतात. तुमच्याकडे पारा ४५ ला जात असेल तर ऐन दुपारी मशीनची ताकद घटते. तिथे थोडी जास्तीची क्षमता धरणं चूक नाही.

कंपनी कोणती, हेही तुम्ही विचारलंय. ते मी सांगणार नाही. जवळ कोणाचा चांगला मेकॅनिक आहे ते बघून ठरवा.

दादाच्या स्वतःच्या घरी, गच्चीखालच्या १२ बाय १४ च्या खोलीत, दोन टनाचा इन्व्हर्टर आहे. वर स्लॅब, पश्चिमेला मोठी काच, दुपारी बाहेर ४३-४४ अंश. त्या खोलीचा हिशोब मी स्वतः करून बघितलाय आणि तो बरोबर आहे, हे मी त्याच्या तोंडावर मान्य केलंय. बाबांच्या खोलीत दोन टन चूक होता, एवढं त्याने एकदा म्हणावं.