ईईजीवरून वेदनेचा माग : नोकरी सोडून की नोकरीसोबत?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात ईअँडटीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ईईजीवरून, म्हणजे डोक्यावर टिपलेल्या मेंदूच्या विद्युत सिग्नलवरून, वेदना मेंदूत कुठे उमटते, हे शोधण्यात तिला संशोधन करायचंय. त्यासाठी कॅम्पस प्लेसमेंटला बसणारच नाही म्हणते. काय करावं? – एक आई, कोथरूड

उत्तर : विषय खरा आहे आणि तिच्या शाखेला चांगला जवळचा आहे. प्लेसमेंट मात्र सोडू देऊ नका. एम.टेक.साठी लागणाऱ्या गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे नोकरी धरूनही पुढची वाट मोकळी राहते.

हे काम चालतं कसं ते आधी समजून घ्या. हाताच्या त्वचेवर लेसरचा क्षणभराचा पल्स देतात. टाचणी टोचल्यासारखं होतं. साधारण १६० मिलिसेकंदांनी विरुद्ध बाजूच्या कानाजवळ छोटी लाट येते, मग टाळूवर २००च्या सुमारास ऋण आणि ३५०च्या सुमारास धन अशी मोठी जोडलाट. एकेका वेळचा सिग्नल मेंदूच्या बाकीच्या घडामोडींत बुडतो, म्हणून तीस-चाळीस पल्सची सरासरी काढतात. दर वेळी लेसरचा बिंदू थोडा सरकवावा लागतो, नाहीतर तीच त्वचा तापत राहते आणि मज्जातंतूंची टोकं मंदावतात.

खरी कसोटी यापुढे आहे. डोक्यावर ६४ इलेक्ट्रोड, आत सिग्नलचे हजारो संभाव्य स्रोत. त्यामुळे डोक्यावर मोजलेल्या एकाच नकाशाला अगणित उत्तरं जुळतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी ही अडचण १८५३ मध्येच मांडली होती. त्यात कवटी सिग्नल पसरवते आणि तिची विद्युतवाहकता नेमकी किती धरायची, हेही पक्कं नसतं. वेदनेच्या वेळी मेंदूतले दोन्ही बाजूंचा इन्सुलाजवळचा भाग आणि मधला सिंग्युलेट हे भाग जवळजवळ एकाच वेळी जागे होतात. तिथे एकच डायपोल (सिग्नलचा एका बिंदूएवढा मानलेला स्रोत) बसवला, तर तो डोक्याच्या मध्यभागी खोल कुठेतरी जाऊन बसतो. नकाशा सुबक दिसतो आणि उत्तर साफ चुकतं.

म्हणून तिची आवड पारखायला लॅब लागत नाही, लॅपटॉप पुरतो. ईईजीचं विश्लेषण करणारं एमएनई-पायथन हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यासोबत मिळणाऱ्या नमुना डेटात कानात वाजवलेल्या आवाजांचं रेकॉर्डिंग आहे. त्याचं उत्तर माहीत आहे : दोन्ही बाजूंचा श्रवण-भाग. तिने पापण्यांच्या उघडझापीचे सिग्नल आयसीएने (मिसळलेले सिग्नल वेगळे करणाऱ्या गणिती पद्धतीने) काढून टाकावेत, सरासरी रेफरन्स (सगळ्या इलेक्ट्रोडची सरासरी हाच शून्य) घ्यावा आणि स्रोत शोधावा. मग मुद्दाम एकच डायपोल बसवून तो कुठे जातो ते पाहावं. तो तिथे का गेला हे शोधताना रात्र सरली तरी कंटाळा आला नाही, तर हे क्षेत्र तिचं आहे. लिनिअर अल्जिब्राचा कंटाळा येत असेल, तर आत्ताच थांबलेलं बरं.

टाळूवरची ती मोठी लाट अचानक आवाजानेही येते, म्हणजे ती फक्त वेदनेची खूण नाही; तेव्हा ‘वेदना मोजणारं यंत्र’ बनवायचं स्वप्न असेल तर तिला हे आधीच सांगा. कौशल्य मात्र वाया जात नाही. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी झटक्याचा उगम शोधायलाही हेच गणित लागतं.

पुढे गेटमधून बायोमेडिकल एम.टेक., किंवा आयआयटी गांधीनगरची कॉग्निटिव्ह सायन्सची एमएससी, आणि मग पीएचडी. पीएचडीशिवाय यात स्वतंत्र संशोधनाला फारसा वाव नाही, हे घरात सगळ्यांनी आधीच गृहीत धरा. उन्हाळी इंटर्नशिपसाठी प्राध्यापकांना मेल करताना गुणपत्रिकेसोबत तो चुकलेला डायपोल, दुरुस्त केलेला नकाशा आणि कोड जोडायला सांगा.