गाडी माझ्या नावावर, पिऊन चालवतो नवरा

प्रश्न : गाडी माझ्या नावावर आहे, हप्तेही माझ्याच पगारातून जातात, पण चालवतो बहुतेक वेळा नवरा. आठवड्यातून दोन-तीनदा तो मित्रांबरोबर पिऊन स्वतःच गाडी चालवत घरी येतो. गेल्या महिन्यात एका समारंभातून परतताना तो प्यायलेला होता, आठ वर्षांची मुलगी मागच्या सीटवर होती. गाडी दुभाजकाला घासली. कुणाला लागलं नाही, पण बंपर आणि पुढचा दिवा गेला. मी तेव्हा घरी होते. आता तो म्हणतो, विम्याच्या फॉर्मवर 'गाडी मी चालवत होते' असं तू लिही. मी सही करावी का? उद्या मोठा अपघात झाला, तर मी अडकेन का? दोन पेगपर्यंत कायद्याने चालतं, असं तो म्हणतो ते खरं का? आणि त्याला थांबवू कसं?

उत्तर : ताई, सही करू नका.

क्लेमच्या फॉर्मवर अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होतं, त्याचा परवाना क्रमांक काय, हे रकाने असतात आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' असं लिहिलेलं असतं. त्या ओळीखाली सही तुमची असणार, नवऱ्याची नाही. तुम्ही घरी होतात हे समारंभातल्या पाहुण्यांना ठाऊक आहे, रस्त्यावर कॅमेरे आहेत, तुमच्या मोबाइलचं लोकेशन आहे. खोटं उघड झालं की क्लेम तर जातोच, वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे कधी नवऱ्याच्या पिण्याबद्दल तुम्हाला कोर्टात खरं बोलायची वेळ आली, तर समोरचा वकील हाच कागद तुमच्यापुढे धरेल आणि विचारेल, 'बाई, खोटं तेव्हा लिहिलंत की आता बोलताय?'

मग खरं लिहून क्लेम करावा का? तोही बहुधा नाकारला जाईल. चालक दारूच्या अमलाखाली असेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही, अशी अट पॉलिसीत असते. श्वासचाचणी झालीच नव्हती, हा बचावही पुरेसा नाही. इतर परिस्थितीवरून चालक नशेत होता हे कंपनी सिद्ध करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटलं आहे. तेव्हा बंपर आणि दिव्याचा खर्च खिशातून करा. खरं तर त्याच्या खिशातून होऊ द्या.

आता दोन पेगांचं. कायद्यात 'पेग' हा शब्दच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ फक्त रक्तातलं प्रमाण बघतं : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा. तेवढ्याच दारूने एकाचा आकडा तिसाखाली राहील, दुसऱ्याचा पन्नासावर जाईल. वजन, पोटात अन्न आहे की नाही, किती वेळात प्यायली, यावर ते ठरतं. गाडी चालवण्याचा प्रयत्न केला तरी हेच कलम लागतं. शिक्षा पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. 'तिथल्या तिथे मिटवू' म्हणणारा लाच मागतोय, एवढं समजून घ्यायचं. पोलीस परवाना काढून घेऊन तो निलंबनासाठी किंवा रद्द करण्यासाठी परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात. फुंकायला नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि सबळ कारण नसेल तर तो नकारही खटल्यात त्याच्याविरुद्ध धरला जातो.

'सकाळपर्यंत उतरते' हेही तुम्ही ऐकलं असेलच. शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने मद्यार्क जाळतं. मध्यरात्री आकडा १५० असेल, तर सकाळी सात वाजता तो ४५ च्या आसपास असतो. म्हणजे मुलीला शाळेत सोडायला निघालेला बाप अजून मर्यादेच्या वर आहे. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ यांनी झोप उडते, मद्यार्काची गती वाढत नाही. आणि दारू सगळ्यात आधी नेमकी तीच बुद्धी नेते जिच्यावर 'मी ठीक आहे की नाही' हे ठरवायचं असतं. म्हणून गाडी कुणी चालवायची, हा निर्णय पहिला ग्लास भरायच्या आधी व्हायला हवा. नंतर विचारलेल्या प्रश्नाला दारूच उत्तर देते.

तुमच्या अडकण्याचा प्रश्न सगळ्यात गंभीर आहे. अपघातात कुणी गेलं, तर फौजदारी खटला चालवणाऱ्यावर होईल : भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा त्याहून कडक कलम १०५, सदोष मनुष्यवध, जिथे दहा वर्षांपर्यंत जाता येतं. मुंबईत २००६ साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर अशाच एका गाडीखाली गेले. त्या खटल्यात सदोष मनुष्यवधाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.

पण नुकसानभरपाईचा दावा मालकावरही होतो. म्हणजे तुमच्यावर. मालक कोण, तर ज्याचं नाव नोंदणीपुस्तकात. गाडी कुणाच्या ताब्यात असते, याने फरक पडत नाही. एरवी ही रक्कम विमा कंपनी भरते. पण दारूच्या अमलाखाली गाडी चालवणं हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कंपनीचं बचावाचं कारण म्हणून कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अशा वेळी अपघात भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण अनेकदा सांगतं की कंपनीने मृताच्या घरच्यांना आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत जाते, कधी कोटीतही. ती वसुली तुमच्या पगारावर येऊ शकते.

यात कळीचा मुद्दा असतो मालकाला माहीत होतं का. तुम्हाला माहीत आहे. नवऱ्याला पाठवलेले 'पिऊन चालवू नकोस' असे मेसेज तुमची हरकत दाखवतात, पण तुम्हाला सगळं ठाऊक होतं हेही तेच दाखवतात. त्यातच मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ सांगतं की १८५ च्या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत देणाऱ्याला तीच शिक्षा. तो प्यायला आहे हे दिसत असताना हातात किल्ली देणं हे त्याच्या फार जवळ जातं. नुसती हरकत पुरत नाही ती म्हणून. तिच्यामागे कृती लागते.

ती कृती अशी. त्याला एकच मेसेज पाठवा, भांडणाची भाषा न वापरता : 'गाडी माझ्या नावावर आहे. दारू प्यायल्यावर ती चालवायला माझी परवानगी नाही, मुलगी सोबत असो वा नसो.' यामागे कारण आहे. मालकाच्या संमतीशिवाय गाडी नेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९७ खाली गुन्हा आहे, पण 'विचारलं असतं तर तिने हो म्हटलंच असतं' असं मला खरोखर वाटलं, हा बचाव त्याच कलमात दिलेला आहे. तुमच्या मेसेजने तो बचाव उरत नाही. मग दोन्ही किल्ल्या ताब्यात घ्या. दुसरी किल्ली लोक विसरतात. ती कपाटातल्या कागदपत्रांच्या पिशवीत पडलेली असते आणि नवऱ्याला ती कुठे आहे हे नेमकं माहीत असतं. तो प्यायला जाणार असेल त्या संध्याकाळी गाडी घरीच राहील, जाणं-येणं रिक्षाने, टॅक्सीने किंवा न पिणाऱ्या मित्राबरोबर. मुलीला तर तो शुद्धीत असल्याची खात्री असल्याशिवाय त्याच्याबरोबर पाठवायचंच नाही, मग पाहुण्यांसमोर कितीही अवघड वाटो.

एवढं करूनही तो गाडी घेऊन निघाला, तर ११२ वर फोन करा. गाडीचा नंबर आणि कुठल्या रस्त्याने जातोय ते सांगा. अनेक बायका इथे थबकतात, नवऱ्याला पोलिसांत द्यायचं कसं म्हणून. पहिल्या वेळी नाक्यावर अडवला गेला तर कोर्ट, दंड आणि परवान्याची कटकट होईल, घरात आठवडाभर अबोला राहील. कुणाला उडवल्यानंतर अडवला गेला, तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. किल्लीसाठी तो अंगावर आला किंवा धमकावू लागला, तर तो कौटुंबिक हिंसाचार आहे. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मिळतो.

आठवड्यातून दोन-तीनदा पिणं आणि मुलगी गाडीत असतानाही न थांबणं, हे प्रकरण निव्वळ कायद्याचं राहिलेलं नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो तयार नसला, तरी घरच्यांनी काय करायचं हे विचारायला तुम्ही स्वतः फोन करू शकता.

गाडी त्याच्या नावावर करून मोकळं व्हावं, असंही तुमच्या मनात येईल. कर्ज चालू असल्याने आधी बँकेचं ना-हरकत पत्र लागेल, आणि परिवहन कार्यालयात नाव बदलेपर्यंत जबाबदारी तुमचीच राहते. घरातल्या घरात स्टॅम्पपेपरवर लिहून काही होत नाही. मला विचाराल तर करू नका. नावाबरोबर किल्लीवरचा हक्कही जातो, आणि आज तुमच्या हातात तेवढंच आहे.