ट्रेनिंगमध्ये पाय मोडला आणि फौजेने घरी पाठवलं. अपील करता येतं का?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: धाकटा भाऊ आर्मीत अग्निवीर म्हणून भरती झाला, ट्रेनिंगमध्ये पळताना नडगीचं हाड मोडलं, मिलिटरी हॉस्पिटलात बरेच दिवस गेले आणि शेवटी मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून घरी पाठवला. बोर्डाच्या कागदावर दुखापतीचा नोकरीशी संबंध नाही असं लिहिलंय. याविरुद्ध अपील करता येतं का, आणि त्याला परत घेतील का?

अपील करता येतं. परत घेतील ही आशा मात्र फार धरू नका.

मी फौजेत क्लार्क होतो आणि त्यातली काही वर्षं एका ट्रेनिंग सेंटरच्या कागदपत्रांच्या सेक्शनमध्ये काढली. जखमी रंगरुटांच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. मी वकील नाही, कायद्याचं पक्कं मत वकिलाकडूनच घ्या. पण अशा प्रकरणात कुठला कागद कुठे असतो आणि कशावर गाडं अडतं, ते मी सांगू शकतो.

‘परत घ्या’ ही मागणी आणि ‘दुखापत नोकरीमुळे झाली हे मान्य करा’ ही मागणी, या दोन पूर्ण वेगळ्या लढाया आहेत. घरची माणसं एकाच अर्जात दोन्ही लिहितात आणि दोन्हींची धार घालवतात. पहिलीत फिटनेसचा प्रश्न असतो. तिथे डॉक्टरांच्या मताला मोठं वजन असतं. ट्रिब्युनल, म्हणजे सैनिकांचे खटले चालवणारं न्यायाधिकरण, स्वतः पाय तपासत नाही, फार तर नव्याने बोर्ड बसवायला सांगतं. तोवर भावाची बॅच पासआउट होऊन युनिटला गेलेली असते. दुसरी लढाई कागदांवर लढली जाते आणि तिथे तुमची बाजू वाटते त्यापेक्षा भक्कम असू शकते.

त्या एका ‘संबंध नाही’वर किती पैसे अडकलेत तेही बघून घ्या. अग्निवीराला पेन्शन नाही, म्हणून जुन्या भरतीतल्या रंगरुटांना मिळायची तशी अपंगत्व पेन्शनही नाही. पण दुखापत नोकरीमुळे झाली, किंवा आधीचा त्रास नोकरीमुळे वाढला, हे मान्य झालं तर एकरकमी मदत आहे. अपंगत्व १०० टक्के धरलं तर ४४ लाख, ७५ टक्के धरलं तर २५ लाख, ५० टक्के धरलं तर १५ लाख. बोर्डाने २० ते ४९ टक्के लिहिले असतील तर ते ५० धरतात, ५० ते ७५ असतील तर ७५, आणि त्याच्या वर १००. शिवाय अग्निवीराच्या चार वर्षांच्या नोकरीतला जेवढा काळ उरला तेवढ्याचा पूर्ण पगार, सेवा निधीच्या (पगारातून कापून साठवल्या जाणाऱ्या रकमेच्या) हिश्शासकट. दुसऱ्या वर्षाचे महिना ३३,०००, तिसऱ्याचे ३६,५०० आणि चौथ्याचे ४०,००० धरले तर नुसत्या या तीन वर्षांचेच १३ लाखांवर जातात. ‘संबंध नाही’ हा शेरा कायम राहिला तर यातलं काही नाही. सेवा निधीत तोवर जमलं असेल तेवढंच.

आता दुखापतीकडे. दोरीवरून पडून किंवा खंदक ओलांडताना एका दणक्यात हाड मोडलं तर भांडण सहसा होतच नाही. तारीख असते, वेळ असते, उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारा, समोर उभा असतो. अपघाताचा रिपोर्ट भरला जातो. आयएएफवाय-२००६ असं त्या फॉर्मचं नाव. त्यावर साक्षीदारांचं म्हणणं आणि शेवटी कमांडिंग ऑफिसरचा शेरा, की माणूस ड्युटीवर होता की नव्हता. पीटी आणि ड्रिल ही हुकमाने चाललेली ट्रेनिंग आहे, ती ड्युटीच. तो शेरा ‘ड्युटीवर’ असा पडला की निम्मं काम झालं.

पण नडगीचं हाड बऱ्याचदा असं मोडत नाही, ते पिचत जातं. गावाकडे चपला घालून फिरणारा पोरगा एकदम बूट घालून रोज पळायला, कदमताल करायला लागतो. हाडावर बारीक बारीक इजा होते, शरीर ती भरून काढत असतं. पण इजा होण्याचा वेग भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की भेग पडते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. यातली गोम अशी की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ही भेग बहुतेक वेळा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. मग काय होतं? पोरगा नडगी दुखते म्हणून एमआय रूमला, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, जातो, एक्स-रे साफ येतो, गोळ्या मिळतात, एक-दोन दिवस ‘अटेंड सी’ म्हणजे पीटीपासून सुट्टी. तिसऱ्या दिवशी उस्ताद म्हणतो नाटक करू नको, आणि पोरगा परत पळायला. एक दिवस हाड पूर्ण मोडतं.

अशा प्रकरणात अपघाताचा रिपोर्ट भरलेलाच नसतो, कारण ‘अपघात’ कुठल्या दिवशी झाला तेच कुणाला सांगता येत नाही. फाईल बोर्डापुढे जाते तेव्हा त्या जागी काहीच नसतं. आणि रिकामी जागा बघून बोर्ड लिहून मोकळं होतं: शरीराच्या ठेवणीमुळे, किंवा आधीपासूनचं. तुमच्या भावाचं असंच झालं असणार असा माझा अंदाज आहे, कारण पळताना मोडलं असं तुम्ही लिहिलंय, पडला असं नाही.

म्हणून तुम्हाला सगळ्यात जास्त गरज एमआय रूमच्या रजिस्टरची आहे. त्यात नंबर, रँक, नाव, तक्रार आणि दिलेलं औषध एका ओळीत असतं. ‘उजवी नडगी दुखते’ अशी नोंद हाड मोडायच्या काही आठवडे आधी सापडली तर दुखणं ट्रेनिंगमध्येच सुरू झालं हे आपोआप दिसतं. माझ्यासमोरच्या एका फायलीत हेच घडलं होतं. पोराने बोर्डापुढे तोंडी सांगितलेलं कुणी मनावर घेतलं नव्हतं; पण सिक रिपोर्टची, म्हणजे आजारी म्हणून एमआय रूमला गेल्याच्या नोंदींची, पानं लावल्यावर तोच दावा उभा राहिला. कागद बोलला की फौजेत ऐकतात, त्याला पर्याय नाही.

बाकीचे कागद: बोर्डाची पूर्ण कार्यवाही (एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, नुसतं शेवटचं पान नव्हे), हॉस्पिटलची केस शीट, प्रत्येक एक्स-रे आणि एमआरआयचा रिपोर्ट तारखेसकट, भरतीच्या वेळची मेडिकल तपासणी, आणि डिस्चार्जचा आदेश. हे सगळं रेकॉर्ड ऑफिसकडे आणि त्या त्या हॉस्पिटलकडे माहिती अधिकारात मागा. दहा रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत. अर्ज भावाच्याच सहीने जाऊ द्या. स्वतःच्या मेडिकल कागदांना नाही म्हणायला जागा उरत नाही. रजिस्टर मागताना ‘अमुक महिन्यातल्या माझ्या नावाच्या नोंदींची प्रत’ असं नेमकं लिहा. सगळं रजिस्टर मागितलं की इतरांची माहिती आहे म्हणून नकार येतो.

कागद हातात आला की दोन ठिकाणी बोट ठेवून वाचा. बोर्डाच्या फॉर्ममध्ये भावाचं स्वतःचं निवेदन असतं: भरतीआधी हा त्रास होता का? त्याने ‘नाही’ लिहिलेलं असेल आणि पुढे बोर्डाने ‘आधीपासूनचं’ लिहिलं असेल, तर ते कशावरून, हे त्याच पानांत सापडायला हवं. दुसरं म्हणजे कारण. ‘संबंध नाही’ एवढंच टाईप करून सोडलंय की पुढे कारण दिलंय? धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी कुठल्या आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, उलट सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही, आणि बोर्डाने आपल्या मताची कारणं द्यायला हवीत. २०१५ च्या राजबीर सिंह निकालात हेच पुन्हा आलं. २०२५ मध्ये राजुमोन यांच्या प्रकरणातही कारणाशिवायचं बोर्डाचं मत न्यायालयाने टिकू दिलं नाही. हे निकाल पेन्शनच्या जुन्या नियमांवरचे आहेत आणि २०२३ मध्ये नवे एन्टायटलमेंट (हक्क ठरवण्याचे) नियम आलेत, त्यामुळे समोरचा वकील ‘हे अग्निवीराला लागू नाही’ म्हणणार हे धरूनच चाला. पण तुमच्याकडे साधी गोष्ट आहे: हाच पोरगा भरतीच्या मैदानात १.६ किलोमीटर पळून, लष्कराच्याच डॉक्टरांकडून तपासून आत गेला होता.

बोर्डाने २० टक्क्यांच्या खाली लिहिलं असेल तर सुखविंदर सिंह (२०१४) हा निकाल वकिलाला दाखवा. ज्याला अपंगत्वासाठी नोकरीतून काढलं त्याचं अपंगत्व २० टक्क्यांच्या वर आहे असंच धरावं लागेल, असं त्यात म्हटलंय.

डिस्चार्जच्या आदेशात कारण काय लिहिलंय तेही पडताळा. मेडिकल बोर्ड झाला असं तुम्ही म्हणताय, पण काही वेळा जखमी रंगरूट मागच्या बॅचमध्ये टाकतात, तो तिथेही मागे पडतो आणि मग ‘चांगला सैनिक होण्याची शक्यता नाही’ या कारणाखाली काढतात. काही वेळा ‘स्वतःच्या इच्छेने’ असा कागद पुढे केला जातो आणि घरी जायच्या ओढीने पोरगं सही करतं. तसं काही निघालं तर अपीलाचा सगळा रोख बदलतो: जखमी माणसाला बोर्डाशिवाय बाहेर काढलं, हा मुद्दा आधी येतो.

अपीलाचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसच्या नावे, स्पीड पोस्टने, पोचपावती जपून. नाकारल्याचं पत्र आलं तर पुढचं अपील कुणाकडे आणि किती मुदतीत ते त्यातच लिहिलेलं असतं का बघा. पेन्शनच्या प्रकरणांत पहिलं आणि दुसरं अपील अशा दोन पायऱ्या आहेत. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. २००७ च्या कायद्याने ते आलं. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. ट्रेनिंग सेंटर दुसऱ्या राज्यात असलं तरी घाबरू नका. नोकरीतून बाहेर पडलेला माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे अर्ज करू शकतो. अर्जाला सहा महिने उत्तरच आलं नाही तरी ट्रिब्युनलचं दार उघडतं. अंतिम नकार आल्यापासून मुदत सहा महिन्यांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. पेन्शन दर महिन्याची असल्याने उशिरा जाणाऱ्यालाही न्यायालयं मागच्या तीन वर्षांची थकबाकी देत आली आहेत. तुमची रक्कम एकदाच मिळायची आहे, तिथे ती सवलत मिळेलच असं नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: भाऊ सीआरपीएफ किंवा बीएसएफमध्ये असेल तर हे ट्रिब्युनल त्याचं नाही, त्याला उच्च न्यायालयात जावं लागतं. आणि खडकवासल्याच्या एनडीएसारख्या ठिकाणचे कॅडेट तिसऱ्याच खणात पडतात. ते अजून अधिकारी झालेले नसतात, म्हणून त्यांना पेन्शन नाही, सानुग्रह रक्कम मिळते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्यांचा प्रश्न हाती घेतल्यावर त्यांना ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, उपचारांची सोय झाली.

भावाला एक काम आजच सांगा. त्याच्या स्क्वॉडमधल्या दोघा-तिघांना फोन करून, त्याचा पाय कधीपासून दुखत होता आणि तो कधी सिक रिपोर्टला गेला, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. पोरं आत्ता कुठे ना कुठे पोस्टिंगवर पांगली असतील, वर्षभराने त्यांना तारखा आठवणार नाहीत. बाहेरच्या डॉक्टरांचा नवा एमआरआय काढायचा तर काढा, पण तो आज पाय कसा आहे एवढंच सांगेल.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जुलै २०२५ मध्ये नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी मोफत कायदेशीर मदतीची योजना सुरू केली आहे आणि तिची केंद्रं सैनिक बोर्डांत उघडायची आहेत. ‘१५ लाख मिळवून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ असं सांगणारे लोक मात्र तुम्हाला नक्की भेटतील, सैनिकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तर रोज. त्यांना मूळ कागद देऊ नका. वकिलाला निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि जो वकील नाही त्याला ट्रिब्युनलपुढे तुमच्या वतीने उभंही राहता येत नाही.