पिकअपला सेकंडहँड इंजिन घेताना ते आपल्याच गाडीला बसेल, हे आधी कसं ओळखायचं?

तुमची गाडी २०१६ ची बोलेरो पिकअप, इंजिन सीज झालंय म्हणजे आतून जाम झालंय, आणि ते बोअर करून बांधत बसण्यापेक्षा कटिंगच्या, म्हणजे भंगारात तोडलेल्या गाडीचं चालू इंजिन टाकायचं म्हणताय. विकणारा सांगतोय, "सेम २५२३ आहे, डोळे झाकून बसवा." मी मेकॅनिक नाही. सांगोल्याहून डाळिंब भरणाऱ्या दोन पिकअप आहेत माझ्या, आणि त्यातल्या एकीला मी खरंच डोळे झाकून इंजिन आणलं होतं. ते कसं निस्तरलं ते पुढे सांगतो.

आधी त्या २५२३ चं. हे नुसतं आडनाव आहे, आणि एका आडनावाची माणसं गावभर असतात. २५२३ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन पिकअपला आलं, कॅम्परला आलं, थार डीआयलाही आलं. उलट, कुणी "२०१६ च्या बोलेरोचं" म्हणून इंजिन दाखवलं, तर ते त्याच वर्षी आलेल्या पॉवर प्लस बोलेरोचं निघू शकतं. ते १४९३ सीसीचं, तीन सिलेंडरचं. नाव बोलेरोच, पण तुमच्या काही कामाचं नाही.

तुमच्या गाडीचं साल तर आणखी अडचणीचं. बीएस-४ म्हणजे गाडीच्या धुराचा सरकारी नियम, तो पूर्ण देशात लागू झाला १ एप्रिल २०१७ ला, पण मुंबई, पुणे आणि आमचं सोलापूर धरून १३ शहरांत तो २०१० पासूनच होता. म्हणजे मधली सात वर्षं एकाच मॉडेलच्या गाड्या दोन तऱ्हेच्या निघत होत्या. त्यामुळे साल जुळलं, मॉडेल जुळलं, तरी इंजिन जुळलंच असं नाही. आरसी बुकात बीएस बघा, आणि बॉनेट उघडून डिझेल पंपाकडे बघा. पंपातून चार बारीक लोखंडी पाइप निघून सरळ चार नोझलला गेले असतील तर मेकॅनिकल. पंपातून एक पाइप आडव्या जाड नळीत आणि तिथून चार फाटे, वर प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचं सॉकेट, तर कॉमन रेल. एकीचं दुसरीला घालायच्या फंदात पडू नका. वायरिंग, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), सेन्सर, टाकीपासूनच्या डिझेलच्या लायनी, सगळंच बदलावं लागतं. कागदावरही तो बदल बसत नाही.

कॉमन रेल असेल तर इंजेक्टरचा कोड लक्षात ठेवा. बहुतेक कॉमन रेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरवर आकडे-अक्षरांचा कोड असतो आणि तो स्कॅनर लावून ईसीएममध्ये भरावा लागतो. तो भरला नाही तर गाडी चालते, पण धूर टाकते, आयडलला थरथरते, आणि आपण विकणाऱ्याला शिव्या देत बसतो. कोडांचा आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, इंजिन आत गेल्यावर तिथे नजर पोचत नाही.

आता माझी गोष्ट. माझी गाडी मेकॅनिकल पंपाची, आणलेलं इंजिनही मेकॅनिकल, ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मुख्य धड तेच, माउंटिंगची भोकं तीच, बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या खोळीचे बोल्ट एकूण एक बसले. आम्ही खूश. रात्री नऊला सेल मारला तर नुसता घर्रर्र आवाज. पुन्हा मारला, पुन्हा तेच. फिटरने स्टार्टर काढून भोकातून टॉर्च मारली आणि गप्पच झाला. त्या इंजिनाबरोबर आलेल्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या मागच्या जड चाकाच्या रिंगचे दात वेगळे होते, माझ्या स्टार्टरचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, त्यात बसेना. म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा खाली. शेवटी माझ्याच जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील काढून चढवलं, क्रँकचे बोल्ट जुळले म्हणून निभावलं. दोन दिवस गेले, आणि शेतात तोडून ठेवलेला माल दुसऱ्याच्या टेम्पोने दुप्पट भाड्यात गेला. चूक माझी. खडूने एका दाताला खूण करून दोन्ही रिंगचे दात मोजायला पाच मिनिटं लागली असती. आता मी दोनदा मोजतो.

म्हणून माझं म्हणणं असं की शक्य असेल तर तुमचं सीज झालेलं इंजिन आधी उतरवून घ्या आणि दुसऱ्या एखाद्या पिकअपमध्ये घालून विकणाऱ्याच्या दारात न्या. मुंबईत कुर्ला असो की दिल्लीचं मायापुरी, नाहीतर तुमच्या तालुक्याचा भंगारवाला, दोन्ही इंजिनं शेजारी ठेवली की बोलणं कमी होतं. सर्वात आधी सम्प, म्हणजे इंजिनाखालचा ऑइलचा डबा बघा. त्याचा खोल भाग पुढे आहे की मागे, कारण दुसऱ्या गाडीचा सम्प तुमच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीवर टेकू शकतो. मग क्लच प्लेटचा व्यास, क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग, टर्बोचं तोंड कुठल्या बाजूला, अल्टरनेटर आणि पॉवर स्टिअरिंग पंपाचे ब्रॅकेट. ब्रॅकेट, सम्प, मॅनिफोल्ड वेगळे असले तर घाबरू नका, तुमचे जुने काढून लावता येतात. ब्लॉक किंवा बेल हाउसिंगची भोकं वेगळी असली तर मात्र घासाघीस न करता घरी या. जुनं इंजिन नेता येत नसेल तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट्स काउंटरला जा, तुमच्या गाडीला कुठला पार्ट नंबर लागतो ते ते काढून देतात.

इंजिन चांगलं आहे की नाही हा वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. चालू करून दाखवा म्हणा, तेही थंड असताना. हात लावून बघा, आधीच गरम करून ठेवलेलं नको. ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलेंडरमधला दाब खाली गळतोय. ताजा चकचकीत रंग दिसला तर मला तरी संशयच येतो.

कागद मात्र सोडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. तुमची गाडी आठ वर्षांच्या वर गेली, म्हणजे आता दरवर्षी पासिंग. तिथे नंबर जुळला नाही तर गाडी उभी राहील. विमा कंपनीलाही कळवा. ब्लॉकवरची घाण स्वतः पुसून नंबर वाचा. घासलेला, पुन्हा पंच केलेला वाटला तर स्वस्त असलं तरी सोडून द्या. एनसीआरबीच्या (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्राची संस्था) वाहन समन्वय सेवेत इंजिन नंबर टाकून गाडी चोरीची नोंदलेली आहे का तेही बघता येतं. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या कागदांची झेरॉक्स मागा. "बिल नंतर देतो" म्हणणाऱ्याकडे पैसेही नंतरच द्यायचे.

आणि विकणारा म्हणेल, जुनं इंजिन मला द्या, हजारभर कमी करतो. नवं चालू होऊन चार खेपा होईपर्यंत देऊ नका. माझं ते फ्लायव्हील भंगारात गेलं असतं तर मी अजून शोधत फिरलो असतो.