गुडघा गेला म्हणून खेळ संपला, आता नेटबॉलची प्रशिक्षक होता येईल का?

तुम्ही लिहिलंय की पुतणी राज्य पातळीवर नेटबॉल खेळायची, गुडघ्याने दगा दिला, आणि आता ती प्रशिक्षक व्हायचं म्हणतेय. घरचे म्हणतात, जी स्वतः देशासाठी खेळली नाही तिला कोण विचारणार?

मी न्यूझीलंडला हॅमिल्टनमध्ये राहते. नेटबॉल, म्हणजे बास्केटबॉलसारखाच पण चेंडू न आपटता खेळायचा खेळ, इथे आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटसारखा आहे. हिवाळ्यात शनिवारी सकाळी मिनोग पार्कच्या कोर्टांवर चिमण्यांसारखा किलबिलाट असतो. लेकीच्या संघाला कोणी मिळेना म्हणून एक वर्ष मलाच प्रशिक्षक केलं. नेटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. त्या वर्षी मी इथल्या नामवंत नेटबॉल प्रशिक्षक नोलीन तौरुआंबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

तौरुआ 1994 ते 1999 या काळात न्यूझीलंडकडून 34 कसोटी, म्हणजे नेटबॉलमधले आंतरराष्ट्रीय सामने, खेळल्या. त्यांनाही गुडघ्याने छळलं. 34 हा आकडा लहान नाही, पण त्यांच्याच हाताखाली पुढे खेळलेल्या लॉरा लँगमनच्या 163 आहेत. म्हणजे खेळाडू म्हणून तौरुआ काही दंतकथा नव्हत्या.

नाव झालं ते प्रशिक्षकाच्या बाकावर बसल्यावर. आमच्या भागाच्या मॅजिक संघाला त्यांनी 2012 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एकत्र लीग जिंकून दिली. तोवर न्यूझीलंडच्या एकाही संघाला ते जमलं नव्हतं. तरी 2015 मध्ये राष्ट्रीय संघ जनीन साउथबींकडे गेला. तौरुआ रुसून घरी बसल्या नाहीत. समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात सनशाइन कोस्ट लाइटनिंग या कोऱ्या संघाकडे गेल्या आणि 2017, 2018 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेऊन आल्या.

इकडे 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत न्यूझीलंड मलावीकडून हरलं आणि चौथं आलं. इथल्या लोकांच्या तोंडची चवच गेली. मग तौरुआंना बोलावणं आलं. हातात वर्षभरसुद्धा नव्हतं. त्यांनी दोन गोष्टी केल्या: फिटनेसची पट्टी उंच नेली, तिथे नावाचा मुलाहिजा नाही, आणि लँगमन, केसी कोपुआ या जुन्या जाणत्यांना परत आणलं. कोपुआ तेव्हा 34 वर्षांची होती.

2019 ला लिव्हरपूलमध्ये विश्वचषक झाला. गटात ऑस्ट्रेलियाकडून 50-49 असा एका गोलने पराभव, उपांत्य फेरीत इंग्लंडवर 47-45, आणि अंतिम सामन्यात पुन्हा ऑस्ट्रेलिया. आमच्याकडे सोमवारची पहाट होती. मी पांघरूण गुंडाळून चहाचा कप हातात धरून बसले होते, तो तसाच गार झाला. 52-51. 2003 नंतर पहिल्यांदाच विश्वचषक घरी आला.

एक मात्र आहे. नेटबॉलमध्ये चेंडू हातात जेमतेम तीन सेकंद ठेवता येतो आणि आपटत पळता येत नाही. बाहेरून ओरडून काही साधत नाही. तुमचं वाक्य पूर्ण होईस्तोवर चेंडू दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. सांगायचं ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या डावांमधल्या सुट्टीत. मी पहिल्या सामन्यात त्या सुट्टीत अकरा सूचना दिल्या. संत्र्याच्या फोडी चोखत मुली ऐकत होत्या, मग आमची सेंटर (मैदानाच्या मधल्या भागात खेळणारी मुलगी) म्हणाली, "म्हणजे नेमकं काय करू?" पुढच्या शनिवारपासून मी एकच गोष्ट सांगायला लागले: पास दिला की उभी राहू नकोस, पळ. आम्ही तरी हरलोच, पण कमी फरकाने.

आणि ही नोकरी सरळ नसते हेही पुतणीला सांगा. 2020 मध्ये तौरुआंना 'डेम' (पुरुषांच्या 'सर'सारखा) किताब मिळाला, 2023 च्या विश्वचषकात त्यांचाच संघ चौथा आला, आणि 2025 मध्ये तर त्यांना काही आठवडे पदावरून बाजूला ठेवून मग परत घेतलं.

तिने आत्ता काय करावं म्हणाल, तर गुडघा बरा होईपर्यंत जवळच्या एखाद्या शाळेत आठवी-नववीच्या मुलींना घेऊन बसावं. गोलकीपर आणि गोल डिफेन्स या गोल अडवणाऱ्या दोन जागांपासून सुरुवात केली तर बरं. नेम धरून गोल मारायला सगळ्याच मुली तयार असतात; तीन फुटांवर थांबून, हात वर करून, अंगाला अंग न लावता अडवायला कोणी सहजी तयार होत नाही.