काकांच्या कॅलेंडरात माझं नाव नाही

"दहाव्याला कावळा शिवलाच नाही. शेवटी दर्भाचा करून लावला. काकांचं काय राहिलं असेल हो मॅडम?"

कुडाळला समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्या बसल्या तिने पहिला प्रश्न हा विचारला. (ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.) पंचेचाळिशीची, नोकरी मुंबईत. काका जाऊन दीड वर्ष झालं होतं. दोडामार्ग तालुक्यात, रानाला लागून असलेल्या काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत, ते पंचवीस वर्षं एकटे राहिले. वीज नाही, पाणी व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं. गेलेही तिथेच, झोपेत. दुसऱ्या दिवशी गुराख्याला कळलं. तेव्हापासून रात्री डोळे मिटले की तिला दिसायचं ते एकच: काळोख, आणि काका हाका मारतायत.

"आपल्या माणसाला एकटं मरू दिलं" ही बोच घेऊन येणारे चाकरमानी मला नवे नाहीत. तरी पहिल्याच भेटीत मी चुकले. म्हटलं, "ते तिथे सुखात होते." ती तडकली. "तुम्हाला काय ठाऊक? मला तरी कुठे ठाऊक आहे?" खरंच होतं. सांत्वनाची घाई मलाच झाली होती.

मग आधी विचारायचं ते विचारलं. झोप, जेवण, कामात लक्ष, जीव नकोसा वाटतो का. सहा महिने उलटूनही शोक रोजचं जगणं अडवून धरत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये त्याला वेगळं निदान आहे, आणि अशा वेळी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. (जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा.) तिचं घर, नोकरी नीट चालू होती. ती अडकली होती त्या एका रात्रीत, जी तिने पाहिलेलीच नव्हती.

"त्यांचा एखादा साधा मंगळवार सांगा."

तिला दोन वाक्यांपुढे जाता येईना. सकाळी पेज. कमरेला आकडी, आकडीत कोयता. हां, हत्तींचं आठवत होतं. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरायला लागले, तेव्हा 'खाली गावात या' म्हणून सगळ्यांनी विनवलं. एका रात्रीत केळी आडवी झाली होती. काका हसून म्हणाले, "मी खंय एकटो आसंय गो?"

"मला ती थट्टा वाटली होती," ती म्हणाली.

गणपतीला गावी आली तेव्हा चुलतभावाला घेऊन ती मांगरात गेली. खिळ्याला जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा होता, त्यावर पेन्सिलीच्या नोंदी. पहिला पाऊस. काजूला मोहर. गवे व्हाळावर. धनेशाची मादी ढोलीत गेली. मग बऱ्याच आठवड्यांनी, बाहेर आली. या पक्ष्याची मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते आणि नर फटीतून तिला भरवतो. तेवढे दिवस काका त्या झाडाची वाटच सोडायचे, असं गुराख्याने सांगितलं.

"सगळी पानं चाळली मॅडम. माझं नाव कुठेच नाही. एक फोन नाही, दिवाळीला पाठवलेले पैसे नाहीत." रडता रडता ती हसायला लागली. "माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेत, असं मीच धरून चालले होते." मग थोड्या वेळाने, "रागही येतो त्यांचा."

या खेपेला मी गप्प बसले.

गेलेल्या माणसाशी नातं तोडायचं नसतं, ते वेगळ्या रूपात चालू राहतं, असं क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये मांडलं. दर भाद्रपदात म्हाळाला, म्हणजे पितरांच्या श्राद्धाला, पान वाढणाऱ्या कोकणाला हे वेगळं सांगायला नको. पान वाढतो ते नक्की कुणाला, हे मात्र विचारावं लागतं. ती इतके दिवस हाका मारणाऱ्या एका म्हाताऱ्याला वाढत होती.

सलग दोन मे महिने ती काकांकडे गेली नव्हती. ती खंत खरी होती, आणि मी ती पुसायला गेले नाही.

म्हाळाच्या पानावर वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी. बाजूला तिने पेजेचा वाडगा ठेवला. "पितरांना पेज कोण वाढतं?" म्हणून भाऊ चिडला. संध्याकाळी तिचा फोन आला.

"कावळा आला मॅडम. आधी वडोच उचलल्यान मेल्यान."